अर्ज कुणीही भरो, सही तुमचीच

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. वय ६१, महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मुलगी आणि जावई म्युनिकला असतात. मुलीचं हे पहिलंच बाळंतपण, तारीख १० एप्रिलच्या आसपास. आईने जायचं हे घरात ठरलंय. यजमान मुंबईतच मुलगा-सुनेबरोबर राहतील. २० मार्चला पोचायचं आणि तीन महिने राहायचं, असा बेत आहे. परदेशप्रवास पहिलाच, म्हणून व्हिसाच्या अर्जासाठी ओळखीतून एक एजंट गाठला. तो म्हणतो, बाळंतपणाचा उल्लेख नको, या तिकडेच राहून जातील अशी शंका येते. आपण पर्यटन लिहू, पॅरिस आणि म्युनिकची हॉटेलं दाखवू. बचत खात्यात १,८०,००० रुपयेच आहेत, तर दिरांकडून ५,००,००० घेऊन दोन महिने खात्यात ठेवा. त्यात लग्नात नाव बदललेलं, सही मराठीत, आणि जन्मतारीख शाळेत लावलेली १ जून. ‘एकदा नकार आला की जन्मभराचा शिक्का बसतो म्हणतात. पहिल्याच खेपेला सगळं बरोबर व्हावं म्हणून एजंट सांगतो तसं करू का?’ असं त्या विचारतात. आणि पत्राच्या शेवटी, डिंकाचे लाडू नेता येतील का, हेही.

बाई,

तुम्हाला ‘बाई’च म्हणते. मीही महापालिकेच्याच शाळेत शिकले, शिक्षिकेला दुसरं काही म्हणायला माझी जीभ वळत नाही. आजी होणार आहात, त्याबद्दल आधी मनापासून अभिनंदन.

एजंट सांगतो तसं करू नका. बाकीच्या बऱ्याच गोष्टींत पर्याय आहेत, त्यांच्याकडे येतेच. पण खोटं कारण आणि उसने पैसे या दोन गोष्टी अर्जात शिरल्या, तर आज सरळ असलेलं तुमचं काम विनाकारण अवघड होऊन बसेल. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आपली खरी परिस्थिती व्हिसा मिळण्याइतकी चांगली नाही, तेव्हा ती थोडी सजवायला हवी, ही समजूत त्यात ओळीओळीत दिसते. गंमत म्हणजे तुमच्याच पत्रातला मजकूर ती खोडून काढतो.

आधी कारणाचं बघू. मुलगी पहिलटकरीण आहे आणि आई मदतीला निघालीय, हे कारण जगातल्या कुठल्याही अधिकाऱ्याला समजतं. तुम्हाला लागणारा तो शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. त्याच्या अर्जात प्रवासाच्या उद्देशाचा रकाना असतो. त्यात पर्यटनाबरोबरच ‘कुटुंबीय किंवा मित्रांना भेट’ असा पर्याय छापलेलाच असतो, तो तुमच्यासारख्यांसाठीच. शिवाय तुमच्या कारणाला तारीख आहे, आणि अर्जात ती फार उपयोगी पडते. जर्मनीत गरोदर बाईला एक छोटी पुस्तिका मिळते, तिला मुटरपास म्हणतात. प्रसूतीची अपेक्षित तारीख त्यात लिहिलेली असते. त्या पानाची प्रत किंवा मुलीच्या डॉक्टरांचं पत्र जोडलं, की तुम्ही मार्चमध्येच का निघालात आणि जूनमध्ये का परतताय, हे कुणाला विचारावंच लागत नाही.

आता एजंटचा अर्ज डोळ्यांसमोर आणा. ६१ वर्षांची बाई, पहिलाच परदेशप्रवास, एकटी, जवळजवळ तीन महिने, हॉटेलांत. पेन्शनवर. आणि म्युनिकमध्ये मुलगी राहते याचा कुठे उल्लेख नाही. गृहपाठाची वही घरी राहिली म्हणणाऱ्या मुलाचा चेहरा बघून तुम्हाला जे कळायचं, तेच अधिकाऱ्याला हे कागद बघून कळतं. समजा नाहीच कळलं आणि व्हिसा आला, तरी म्युनिकच्या विमानतळावर सीमा अधिकारी ‘कुठे राहणार, कुणाकडे?’ असं विचारू शकतो. रात्रभराच्या प्रवासानंतर, परक्या भाषेत, तिथे एजंट शेजारी नसेल. खोट्या माहितीवर मिळालेला व्हिसा तिथल्या तिथे रद्द होऊ शकतो. अर्जाच्या शेवटी तसं प्रतिज्ञापनच असतं, आणि त्याखाली सही तुमची.

पैशांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. तुमचं पासबुक काढून बसा आणि गेल्या सहा महिन्यांच्या नोंदी अनोळखी माणसाच्या नजरेने वाचा. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन जमा. मग वीजबिल, गॅस, सोसायटीचा मेंटेनन्स, औषधांच्या दुकानाचे चारशे-पाचशे, कधी कुणाच्या वाढदिवसाला काढलेले दोन हजार. एका सरळ संसाराची ती गोष्ट आहे. आता तिच्या मध्येच एका मंगळवारी ५,००,००० जमा. आधी काही नाही, नंतर काही नाही. वाचणाऱ्याची नजर नेमकी तिथेच अडकणार, आणि एवढी सगळी प्रामाणिक पानं त्या एका ओळीमुळे संशयात येणार. खात्यात किती आहेत याइतकंच, ते कुठून आले हेही बघितलं जातं.

आणि खरं सांगू का, तुम्हाला त्या पाच लाखांची गरजच नाही. ग्रॅच्युइटीचे पैसे पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत, असं तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. ते पैसे तुम्ही मोजलेच नाहीत! त्या योजनेचं व्याज दर तिमाहीला, म्हणजे एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला जमा होतं. ते बचत खात्यात येत असेल, तर तुमच्या स्टेटमेंटमध्ये ते आधीपासूनच दिसत असणार. पोस्टाच्या पासबुकाची प्रत, पेन्शनचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट आणि रिटर्न भरत असाल तर त्यांच्या प्रती, एवढं लावा. नवऱ्याच्या किंवा दोघांच्या नावावर असलेल्या घराचं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेटही लावा. गावाकडचा सातबारा असेल तर तोही चालेल, पण तो मराठीत असतो, त्यामुळे सोबत इंग्रजी भाषांतर हवं.

यापेक्षाही महत्त्वाचा कागद मुलीने तिकडून पाठवायचा आहे. पाहुण्याचा राहण्या-खाण्याचा, वेळ पडली तर दवाखान्याचाही खर्च मी करीन, अशी हमी जर्मनीत राहणारा माणूस आपल्या शहरातल्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन अधिकृतपणे देऊ शकतो. तिचं जर्मन नाव फेरप्फ्लिश्टुंग्स-एर्क्लेरुंग. नाव पाठ करायची गरज नाही, मुलीला ते नक्की ठाऊक असेल. त्यासाठी तिला किंवा जावयांना पगाराचे कागद दाखवावे लागतात. मूळ प्रत कुरियरने मागवा, नुसती फोटोप्रत चालत नाही. व्हिसासाठी ती दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरावी लागते. त्या कार्यालयांत वेळ मिळायला कधी कधी आठवडे जातात, म्हणून मुलीला आज रात्रीच्या फोनवरच हे सांगा.

आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. माझी मावशी गिरगावात राहते. तिच्या दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी चाळीपासून पार दहिसरपर्यंत जातात. युरोपातल्याच एका देशात मुलाकडे जायला तिने अर्ज केला. भरला एजंटने. व्यवसायाच्या रकान्यात त्याने ‘गृहिणी’ लिहिलं, कारण तेवढं सोपं. स्टेटमेंटमध्ये मात्र पानापानावर जमा रकमा: ३५०, १,२००, ८००, ऑक्टोबरात तर दिवसाला दहा-दहा. नकार आला. छापील कागदावर एका चौकटीत खूण होती: प्रवासाच्या उद्देशाबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह वाटत नाही. मावशीला तो शब्द फार लागला. आयुष्यभर कुणाचा एक रुपया न बुडवलेली बाई ती. दुसऱ्या वेळी आम्ही तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून अर्ज भरला. ‘स्वयंरोजगार, घरगुती खाद्यपदार्थ’ असं लिहिलं, ऑर्डरींच्या वहीची चार पानं भाषांतरासकट जोडली, आणि आधीचा नकार का आला असावा तेही एका परिच्छेदात मांडलं. व्हिसा मिळाला. पैसे तेवढेच होते, माणूस तोच होता.

जन्मभराच्या शिक्क्याची भीती यावरून थोडी कमी होईल. शेंगेन देशांच्या सामायिक यंत्रणेत नकाराची नोंद पाच वर्षं राहते, आणि पुढच्या अर्जात विचारलं तर ती लपवायची नसते. पण नकार म्हणजे बंदी नव्हे. उणीव भरून काढून पुन्हा अर्ज करता येतो. मात्र जर्मनीच्या बाबतीत एक बदल लक्षात ठेवा. नकाराविरुद्ध वकिलातीकडेच फेरविचार मागायची जी सोय होती, ती १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नवा अर्ज किंवा थेट बर्लिनचं न्यायालय, एवढेच मार्ग उरलेत. फी ९० युरो आहे आणि ती परत मिळत नाही. म्हणून पहिल्या खेपेला नीट करावं हे तुमचं म्हणणं मला पटतं. फक्त ‘नीट’ म्हणजे काय, याबद्दल माझं आणि तुमच्या एजंटचं एकमत नाही.

आता नाव, सही आणि १ जून. शिक्षक म्हणून तुम्ही स्वतःच पाहिलं असेल, आपल्या पिढीत किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली ती तारीख. तुमची आई श्रावणातली सांगत असली, तरी अर्जात पासपोर्टावरचीच तारीख जाईल. त्यात खोटं काही नाही, कायद्याच्या दृष्टीने तीच तुमची जन्मतारीख आहे. सहीचंही तसंच. पासपोर्टावर मराठीत केलीय ना? मग सगळीकडे मराठीतच करा, अगदी तशीच. परदेशी अर्ज आहे म्हणून घाईघाईने इंग्रजी सही शिकलात, तर दोन वेगळ्या सह्या होऊन बसतील.

नावाचं काम मात्र एका दुपारी शांतपणे करा. समजा, माहेरची कुसुम जोशी सासरी येऊन सुनीता कुलकर्णी झाली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कुसुम, पासपोर्टावर सुनीता, पीपीओवर सुनीता पण आधी नवऱ्याचं नाव, आणि आधार कार्डावर इंग्रजी स्पेलिंग वेगळंच. मराठीत सुनीता एकच, इंग्रजीत मात्र ती ‘आय’ लावून लिहिली आणि ‘डबल ई’ लावून लिहिली की दोन बायका होतात. सगळे कागद जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडा आणि एकेक अक्षर पासपोर्टाशी ताडून बघा. पासपोर्ट हा मूळ धरायचा. अर्ज, विमा, तिकीट, मुलीचं हमीपत्र, सगळीकडे त्यातलंच नाव त्याच क्रमाने. अर्जात जन्माच्या वेळच्या आडनावासाठी वेगळा रकाना असतो, तिथे माहेरचं आडनाव लिहा. पहिलं नाव लग्नात बदललं हे सोबतच्या पत्रात एका वाक्यात सांगा आणि विवाह नोंदणी दाखला जोडा. राजपत्रात नावबदल छापून घेतला असेल तर त्याचीही प्रत लावा. आणखी एक, मुलीच्या पासपोर्टाच्या शेवटच्या पानावर आईचं नाव असतं. ते तुमच्या पासपोर्टाशी जुळतंय का, हे तिला आत्ताच बघायला सांगा, कारण तुम्ही तिची आई आहात याचा तो हाताशी असलेला पुरावा.

‘तीन महिने’ हा शब्द मनातून काढून टाका. नियम ९० दिवसांचा आहे: कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९०, आणि पोचल्याचा व निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरतात. भिंतीवरचं कालनिर्णय काढून मोजा. २० मार्चपासून मार्चचे १२, एप्रिलचे ३०, मेचे ३१ मिळून ७३. नव्वदावा दिवस १७ जूनला येतो. २० जूनचं तिकीट काढलंत तर ९३ दिवस होतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर येण्या-जाण्याची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झालीय, त्यामुळे दिवस मोजण्यात चूक झाली तर ती तिथे दिसते. माझं ऐकाल तर १५ जूनला निघा, विमान पुढे-मागे झालं तरी दोन दिवस हाताशी राहतील. बाळ तोवर दोन महिन्यांचं झालेलं असेल. पासपोर्ट परतीच्या तारखेपुढे किमान तीन महिने चालू हवा, गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, अगदी उशिरा म्हणजे १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. तुम्ही डिसेंबर-जानेवारीतली वेळ घ्या. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका, बुकिंग दाखवलं तरी पुरतं. पण ते बुकिंग खरं असू द्या.

प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, आणि मुक्कामाच्या एकूण एक दिवसासाठी. तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे असं लिहिलंय, ते विम्याच्या फॉर्मवर स्पष्ट लिहा. थोडा हप्ता वाढेल. लपवलंत आणि तिथे त्रास झाला, तर बिल मुलीच्या अंगावर येईल.

सोबतचं पत्र एका पानाचं असू द्या, साध्या इंग्रजीत, सुनेकडून लिहून घेतलंत तरी चालेल. मी निवृत्त शिक्षिका, मला इतकी पेन्शन आहे. माझी मुलगी म्युनिकला राहते, तिची प्रसूती १० एप्रिलला अपेक्षित आहे. २० मार्च ते १५ जून मी तिच्या घरी राहीन. राहण्याचा खर्च ती करणार आहे, हमीपत्र जोडलंय. माझे पती, मुलगा आणि सून मुंबईत आमच्या घरी आहेत, मी १५ जूनला परत येईन. एवढंच. यजमान घरी एकटे पडतील का याची तुम्हाला काळजी वाटतेय, ते मी समजते. पण अर्जाच्या दृष्टीने त्यांचं इथे असणं हे तुमच्या परत येण्याचं सगळ्यात स्वाभाविक कारण आहे.

एजंटला नारळ द्यायलाच हवा असं मी म्हणत नाही. वेळ घ्यायला, ऑनलाइन फॉर्म टाइप करायला त्याची मदत जरूर घ्या, पण अटींवर. फॉर्मवर मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचा किंवा मुलाचा, त्याचा नाही. बरेच एजंट स्वतःचा टाकतात आणि मग वकिलातीने काही विचारलं तर ते तुमच्यापर्यंत पोचतच नाही. सही करण्याआधी छापील फॉर्मची प्रत घरी आणून प्रत्येक ओळ वाचा, लाल पेन हातात घेऊन, वह्या तपासायचात तशी. त्याने याला नकार दिला तर मग खुशाल दुसरा बघा. व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो द्यायला तुम्हालाच जायचंय. तिथले लोक कागद स्वीकारतात, निर्णय वकिलात घेते. जादा पैसे भरून घेतलेल्या आरामदायी सेवेने निर्णय बदलत नाही.

तुमच्यासारखेच अमेरिकेला मुलांकडे निघालेले आई-वडील हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं. तिकडे कागदांपेक्षा बीकेसीच्या वकिलातीतली दोन-चार मिनिटांची मुलाखत आणि डीएस-१६० हा फॉर्म महत्त्वाचा. अर्जदार तिकडेच राहायला येतोय, असं गृहीत धरूनच त्यांचा कायदा सुरुवात करतो, आणि ते तसं नाही हे तुम्ही पटवून द्यायचं असतं. फी १८५ डॉलर. फॉर्म भरताना २० मिनिटं हात लावला नाही तर तो बंद पडतो, म्हणून अर्ज क्रमांक आधी वहीत उतरवा. फोटो चष्म्याशिवाय. मुलाखत मराठीत मागता येते, आणि इंग्रजीत अडखळणार असाल तर ती जरूर मागा. खोट्याची शिक्षा तिथे आणखी कडक: जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर कायमची अपात्रता येऊ शकते. ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी दहा वर्षांची बंदी आहे.

दिरांना मात्र फोन करून आभार माना, आणि पैसे लागणार नाहीत असं सांगा.

राहिले लाडू. युरोपात बाहेरून दुधा-तुपाचे पदार्थ सामानातून न्यायला बंदी आहे. त्यामुळे साजूक तुपाची बरणी आणि तुपात वळलेले लाडू इथून नेऊ नका, सीमेवर काढून घेतले तर जीव हळहळेल. डिंक आणि सुंठ न्या, बंद पाकिटातली, नाव छापलेली. लोणी म्युनिकच्या कुठल्याही दुकानात चांगलं मिळतं. ते तिथे कढवा आणि लाडू मुलीच्या स्वयंपाकघरातच वळा. तुम्ही २० मार्चला पोचलात तर बाळाच्या आधी तीन आठवडे हातात आहेत.